कायद्यात घालायची एक ओळ

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंपेक्षा वारा. त्या वाऱ्यात ताठ उभं राहायला जी माणसं लहानपणीच शिकतात, त्यांतली एक लव्होन कुचेरा. गावच्या छोट्या इस्पितळात, बाळंतपणाच्या खोलीत, तिने एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली. गावातली निम्मी डोकी आधी तिच्या तळहातावर टेकली आणि मग उशीवर. त्यामुळे तिची जीभ कुणालाही भ्यायची नाही. शेरीफने एकदा तिची गाडी अडवली तर म्हणाली, "तू पायाळू आलास रे, तेव्हापासून सगळं उलटंच करतोस."

अशी बाई त्या फेब्रुवारीत आठ दिवस धड जेवली नव्हती. राजधानीत, लिंकनला, एका विधेयकावर समितीपुढे सुनावणी होती. गर्भपातात बाळ जिवंत जन्मलं तर त्याला इतर कुठल्याही बाळासारखेच उपचार द्यायचे, ताबडतोब मोठ्या इस्पितळात हलवायचं, आणि हयगय केली तर डॉक्टर-नर्सला तुरुंग. जगू शकणाऱ्या बाळाबद्दल लव्होनचा काहीच वाद नव्हता. तसलं बाळ बाजूला ठेवणं तिच्या हातांना जमलंच नसतं. पण जे जगूच शकत नाही त्याचं काय, हे त्या सहा पानांत कुठे नव्हतं. तिला तिथे एक ओळ घालायची होती. फक्त एक. ती तिने अकरा वेळा लिहून, खोडून, शेवटी एका लिफाफ्याच्या पाठीवर उतरवली होती.

गाई विण्याचे दिवस, म्हणून नवरा गोठ्यात अडकलेला. गाडी हाकली नणंदेने, बर्नाडीनने. पाच तासांचा रस्ता. सूर्य वर येत होता आणि बर्फावरून असा लखलखत होता की दोघींचे डोळे दिपले.

"तू मधल्या बाजूने बोलणार म्हणे," बर्नाडीन म्हणाली. "चर्चमधल्या बायका तुझ्यावर रुसल्यात."

"इस्पितळातल्या पोरी पण रुसल्यात."

"मग घरी गेल्यावर जेवायला कोण घालणार तुला?"

"तू आहेस की."

विधानभवनाचा तो उंच मनोरा दूरवरूनच दिसू लागला तशी लव्होनने लिफाफा काढून हातात घेतला. सुनावणीच्या खोलीत जागा नव्हती. एकीकडे विधेयकाच्या बाजूचे, दुसरीकडे विरोधातले, दोघांच्या कोटांवर बिल्ले. दोघांनी तिला विचारलं, "तुम्ही आमच्याच ना?" ती म्हणाली, "मी टेकड्यांकडची." तिने चिठ्ठीवर 'तटस्थ' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या खुर्च्यांच्या रांगेत बसली.

तिथला रिवाज असा, की आधी बाजूचे बोलतात, मग विरोधातले, आणि तटस्थ सगळ्यांच्या शेवटी. पुढच्या रांगेत ज्या क्रमाने बसाल त्या क्रमाने पाळी. आणि इथे लव्होनने ती चूक केली जी फक्त टेकड्यांतलं माणूसच करील. आमच्याकडे दारात दुसऱ्याला आधी जाऊ देतात; दोघे तसलेच भेटले तर दार उघडंच राहतं आणि घर गारठतं. एका प्राध्यापकाला वर्गावर जायचं होतं, तिने खुर्ची दिली. एका पाद्र्याचा गुडघा दुखत होता, दिली. एक वकील नुसताच घाईत दिसला, त्यालाही दिली.

साडेपाच वाजले. प्राध्यापक बोलून गेले, पाद्रीही बोलले. अध्यक्षांनी चष्मा काढला. "आता एकच जण घेतो. बाकीच्यांनी लेखी द्यावं."

वकील उठला.

बर्नाडीनने मागून लव्होनच्या खुर्चीला लाथ घातली. "दे, आता घरही देऊन टाक त्याला."

लव्होनचे कान तापले. तिच्या मुलखात दिलेला मान परत मागणं म्हणजे जवळजवळ चोरीच. तिने वकिलाच्या कोटाची बाही धरली.

"साहेब, मघाशी ही जागा मी तुम्हाला दिली. ती मला परत हवीय."

सगळी खोली वळून बघू लागली. वकिलाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या लिफाफ्याकडे पाहिलं, आणि तो खाली बसला.

टेबलावर हिरवा दिवा लागला. तीन मिनिटं.

"नाव सांगा, आणि नोंदीसाठी त्याची अक्षरं सांगा," अध्यक्ष म्हणाले.

तिने सांगितलं. मग ती जे बोलू लागली ते सलग, एका दमात. एक पोर, गावातलीच, पहिलटकरीण. विसाव्या आठवड्यात पाणी गेलं, अंगात विष भिनू लागलं. गर्भ काढला नसता तर आईही गेली असती. मुलगी जिवंत आली. लव्होनच्या हातभरही नाही, कातडी इतकी पातळ की आतली लाली दिसायची. तिच्या फुफ्फुसांना श्वास माहीतच नव्हता. जगातल्या कुठल्याही यंत्राने तो शिकवता आला नसता. "मी तिला कोमट कपड्यात गुंडाळलं आणि आईच्या छातीवर ठेवलं. चाळीस मिनिटं. आईने तिची सगळी बोटं मोजली, दोनदा. या कागदाप्रमाणे मला त्या मुलीला तिच्यापासून उचलून गाडीत घालावं लागलं असतं. वाटेतच गेली असती ती, एका अनोळखी ड्रायव्हरच्या पाठीमागे."

पिवळा दिवा. मग लाल.

"वेळ संपली," अध्यक्ष हळूच म्हणाले. "कुणाचा प्रश्न?"

प्रश्नाच्या उत्तराला दिवा नसतो, हवा तेवढा वेळ मिळतो. विधेयक मांडणारे सिनेटर डालग्रेन, मोठ्या पंजांचे, स्वतः गुरंवाले, पुढे झुकले.

"तुम्ही काय लिहिलं असतं, बाई?"

तिने लिफाफा उलटा करून वाचलं: "बाळ जगू शकणार नाही असं डॉक्टरला नीट तपासून वाटलं, तर त्याला ऊब द्यावी, वेदना कमी करावी, आणि आईबाप मागतील तर ते त्यांच्या हातात राहू द्यावं."

"आणि डॉक्टर चुकला तर?" डालग्रेन म्हणाले. "जगणारं बाळ या ओळीआड मेलं तर?"

या प्रश्नाने तिला आठ रात्री जागवलं होतं. "चुकू शकतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरला विचारावं. आमच्याकडे दुसरा नसतो, पण फोन असतो."

पलीकडून सिनेटर ब्रॅनिगन बाई बोलल्या, "ओळ चांगली आहे. पण मी या विधेयकाच्याच विरुद्ध आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा," लव्होन म्हणाली. "ओळ तेवढी घ्या."

हशा उसळला; अध्यक्षांनाही तो आवरला नाही. डालग्रेननी लिफाफा मागवून घेतला, दुसऱ्या डॉक्टरचं स्वतःच्या पेनाने त्यात घातलं, आणि तपासायला तिच्याकडे परत पाठवला. तिने वाचलं आणि मान हलवली. मग तो लिफाफा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी तो आळीपाळीने हातात धरला.

मतदान दहा दिवसांनी झालं. विधेयकाचं भांडण तर सभागृहात पुढे महिनाभर चाललं. पण समितीत त्या ओळीवर आठच्या आठ हात वर गेले. ही बातमी सांगणारा फोन खाली ठेवला तेव्हा लव्होनच्या अंगात एप्रन तसाच होता. तशीच ती गाडीत बसली आणि गावाच्या त्या टोकाला, पिवळ्या घरासमोर जाऊन तिने हॉर्न दाबला.

ती पोर, चाळीस मिनिटांच्या त्या मुलीची आई, दारात आली. इस्पितळात होते ते लांब केस आता कापलेले होते.

"ओळ गेली आत," लव्होन म्हणाली. तिला धाप लागली होती.

"वाच."

लव्होनने कागद न बघताच म्हटली. पोर दाराच्या चौकटीला धरून ऐकत राहिली.

"पुन्हा," ती म्हणाली.