मॅन्युअल मी खराब केलं नव्हतं

मंडळी, आज दुपारी वरठीला आमच्या कारखान्यातल्या निवृत्त लोकांचं जेवण होतं. जुने साहेब सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "या बाईंनी कॉम्प्युटरचं मॅन्युअल रंगवून खराब केलं होतं."

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मूळ मॅन्युअलमध्ये आपण टाइप करायचे शब्द ठळक होते, मशीन दाखवते ते साधे. आम्हा टायपिस्टांना दिली त्याची झेरॉक्स, तीत सगळंच सारखं काळं. शेजारच्या टेबलावरची कुसुम मशीनचे शब्दही टाइप करायची आणि काम अडायचं. साहेब तिला परत टाइपरायटरवर पाठवायला निघाले होते.

मी साहेबांच्या कपाटातलं मूळ पुस्तक आणलं. ते बघून झेरॉक्सवर टाइप करायच्या शब्दांखाली लाल पेन्सिलीने रेघा ओढल्या. कुसुमचं काम त्याच दिवशी सुरू झालं. मला मेमो मिळाला.

आज मी उठून म्हटलं, "साहेब, खराब नाई केलं. वाचता येईल असं केलं. लाल पेन्सिल आजबी पर्समधेच हाये."

कुसुम शेजारीच बसली होती. ती कॉम्प्युटर विभागातूनच निवृत्त झाली.

आता तुम्हीच सांगा, मी काय वाचवायला हवं होतं? कोरी झेरॉक्स, की कुसुमची खुर्ची?