दुखऱ्या जागेवर हात

पालथं झोपलेलं माणूस फार बोलतं. आपलं तोंड त्याला दिसत नाही ना! लढाईच्या वर्षांत मी लोणावळ्यातल्या एका लहान दवाखान्यात मालिश करायचे, रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायचे. तिथले किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा ढकलत पुढं येतो. हसू येईल असं वाटून सुरुवात करते, पण तसं होत नाही.

*

वडिवळ्याच्या एक मावशी यायच्या. भातलावणीनं कंबर पार धरलेली. शेक दिला, मालिश केली की बरं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, दुपारी जरा आडव्या होत जा."

"आमच्यात दिवसा बाई आडवी दिसली तर मानसं गोळा व्हत्यात. कवा गेली, इचारत्यात."

डॉक्टर खूप हसले. पुढल्या लावणीनंतर मावशी आल्या नाहीत. सून आली, कंबर धरून.

*

रेल्वेत डबे जोडणाऱ्या एकाचा हात दोन डब्यांमध्ये चेंगरला होता. बोटं लाकडासारखी झाली होती. गरम पाण्यात हात बुडवून मी एकेक बोट वळवायचे. एकदा तो हळूच म्हणाला, "बाई, दुखणं तेवढं काढा. मूठ पुरती वळू देऊ नका."

"का हो?"

"मूठ वळली की परत डब्यांमधी उभं करतील."

मूठ वळली. दवाखान्यात सगळ्यांना आनंद झाला. निरोप घ्यायला आला, तेव्हा त्यानं तो हात खिशातच ठेवला होता.

*

तुंगार्लीत एकटेच राहणारे एक गुरुजी होते. त्यांचा आखडलेला खांदा मोकळा झाला, हात डोक्याच्या वर जाऊ लागला, तरी ते येतच राहिले.

मी विचारलं, "गुरुजी, आता कुठं दुखतं?"

"दुखत नाही. पण तसं सांगितलं तर तुम्ही हात लावणार नाही."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "चालू ठेवा."

*

वलवणचा एक शिपाई लढाईवरून परतला होता. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पण त्याच पायाची बोटं वळून दुखतात, असं तो सांगायचा. कळ आली की खाटेची कड घट्ट धरायचा. त्या पायाच्या उरलेल्या भागाला मी मालिश करायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. बोटं मात्र दुखतच राहायची.

डॉक्टरांनी समजावलं, "अरे, पायच नाही, तर दुखेल कसा?"

"मला बी दिसतंय, सायेब."

त्याची बायको रोज सोबत यायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो लढाईवर गेलेला. चारचौघांत ती त्याच्याशी बोलत नसे, दाराशी पदर घेऊन बसायची. एके दिवशी कळ आली आणि तो विव्हळला. ती उठली, खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली.

"कंचं बोट?"

"आंगठा."

जिथं पाय असायला हवा होता, तिथं रिकाम्या चादरीवर तिनं दोन्ही हात नेले आणि अंगठा धरून हलकेच ओढला.

"हळू," तो म्हणाला.