बाबांच्या पायातला जंतू

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यातला माझा लाडका धडा टेट्रासायक्लिनचा. काही जंतूंच्या डीएनएवर एक प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं, त्यामुळे शेजारचं जनुक बंद राहतं. औषध आत शिरून या प्रथिनाला चिकटलं, की त्याची डीएनएवरची पकड सुटते. जनुक चालू होतं आणि औषध बाहेर फेकणारा पंप तयार होतो. म्हणजे औषधच जंतूला जागं करतं! हे सांगताना मला दरवर्षी मजा यायची. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत.

मोहाची फुलं वेचताना बाबांच्या तळपायात बांबूचा खुंट घुसला. गावाजवळच्या कुरखेड्याच्या डॉक्टरांनी याच जातीच्या कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. आठवड्याने मी सुट्टीत गावी पोचले तेव्हा पाकीट रिकामं होतं आणि पाय टम्म सुजलेला. त्यात बाबांना साखरेचा आजार. माझं धाबं दणाणलं.

पू तपासला, तर जंतू त्या औषधाला दाद देत नव्हता. डॉक्टरांनी औषध बदललं आणि सांगितलं, चार दिवसांत सूज उतरली नाही तर दोन बोटं काढावी लागतील. ते चार दिवस मी बाबांना एकही गोळी स्वतःच्या हाताने घेऊ दिली नाही.

सूज उतरली. बोटं वाचली. जीव भांड्यात पडला तशी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. बाबांच्या खाटेवर बसून मी तो धडा त्यांना शिकवला. "अर्धवट औषधानं जंतू मरत नाई बाबा, तयारी करते."

बाबांनी पायावरची पट्टी चाचपली.

"मी एकच घेऊन राह्यलो होतो," ते म्हणाले. "सकाळची."

"अन् संध्याकाळची?"

"कोंबड्यायच्या पाण्यात टाकत होतो. गावात त्यायले मर लागली होती."

तेवढ्यानेच पाय चिघळला, असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. तो जंतू आधीपासूनच तयार असेल. पण तेव्हा माझा संताप झाला. "तुमच्या पायापेक्षा कोंबड्या जास्त झाल्या काय?"

"तसं नाई माय," बाबा शांतपणे म्हणाले. "तू सुट्टीत येनार होतीस नं. कोंबड्या मेल्या असत्या त तुले काय खाऊ घातलं असतं?"

आल्या दिवशी मी दोनदा रस्सा मागून घेतला होता.