भिंतीपलीकडचा टॅब

आमच्या घराला मधोमध एक भिंत आहे. वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी ती घातली. अलीकडे मी, पलीकडे माझी धाकटी जाऊ. भिंत वरपर्यंत गेलेली नाही, कौलांखाली हातभर जागा मोकळीच आहे, त्यामुळे तिनं भाकरी थापली तरी मला ऐकू येतं. आता दोन्ही बाजूंना आम्ही दोघीच. आमचे नवरे गेले, माझा मुलगा पुण्यात, तिचा बोटीवर. त्याचं लग्न अजून जमलेलं नाही, म्हणजे तिला नातवंड नाही. मला आहे. एवढ्या एका गोष्टीत मी तिच्यापेक्षा वरचढ होते.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. आवाज माझ्या डोक्यात जातो. एसटीत कुणी मोबाईल मोठ्यानं लावला की मी मागे वळून नुसतं बघते, बाकी काही करावं लागत नाही. आमच्या कट्टा गावच्या दवाखान्यात एका आईला मी सांगितलं होतं की बाई, पोराला मोबाईल द्यायचा तर द्या, पण त्याची गाणी बाकीच्या आजारी माणसांनी का ऐकायची? तिनं निमूटपणे आवाज बंद केला. बाजूला बसलेले लोक बरं झालं म्हणाले. मला या गोष्टीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

या मे महिन्यात मुलगा माझ्या नातीला दहा दिवसांसाठी सोडून गेला. सात वर्षांची. वर्षातून दहा दिवस मिळतात, ते माझे. मी महिनाभर आधीपासून ठरवत होते, काय करायचं, काय खायला घालायचं, कुठल्या गोष्टी सांगायच्या. तिला जाताना वाटायला हवं होतं की आजीला सोडून जाऊ नये. मला दुसरं काही नको होतं. ती आली ती छातीशी टॅब धरून. माझ्या पाया पडली तीसुद्धा टॅब खाली न ठेवता.

तिसऱ्या दिवशी तिला समुद्र दाखवायला मालवणला नेलं. जाऊही आमच्याबरोबर आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. परतीच्या एसटीत पोरीनं टॅब उघडला आणि त्यातलं एक अस्वल ठणाणा ओरडायला लागलं. अख्ख्या गाडीनं माझ्याकडे बघितलं. दवाखान्यातली तीच बाई पुढच्या सीटवर होती. ती गालातल्या गालात हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोरीला म्हटलं, आवाज बंद कर, लोकांना त्रास होतो. ती म्हणाली, आवाजाशिवाय मजा नाही. मी टॅब काढून पिशवीत घातला. ती कट्ट्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. जाऊ मात्र मागच्या सीटवरून विचारत होती, ता अस्वल मगे खंय गेला?

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन तिला हेडफोन आणले, गुलाबी रंगाचे, बिनवायरचे. दुकानदारानं माझं कौतुक केलं. म्हणाला, बाई, सगळे असा करतीत तर किती बरा होयत. मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर पोरीनं हेडफोन कानांवर चढवले आणि घर शांत झालं. मग मला कळलं की मी काय करून बसले. मी हाक मारली की ती बघायची नाही. जेवायला बोलावलं तरी नाही. आधी निदान अस्वल तरी मला ऐकू येत होतं, आता ते दोघं आपापसात कुजबुजणार आणि मी बाहेर. एका चित्रातल्या जनावरावर मी जळायला लागले. या वयात मला त्याची लाजही वाटली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ द्यायचा होता. घरामागच्या परड्यात फणसाखाली त्याची जागा आहे, दरवर्षी मे महिन्यात वाडी जमते. वाडीतले एक म्हातारे काका गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागतात. ते एकेक मागणं मागून दम घ्यायला थांबतात आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, शब्द कुणी ऐकत नाही. आवाज थांबला की तोंडातून आपोआप निघतं.

पोरगी हेडफोन लावून पायरीवर बसली होती. मी बसू दिलं, म्हटलं कुणाला त्रास तर नाही. पण सकाळी खोबऱ्याचं वाटप वाटायला मिक्सर लावायचा म्हणून मीच हेडफोनचा चार्जर उपटून ठेवला होता आणि नंतर परत लावायचा विसरले होते. गाऱ्हाणं ऐन रंगात आलं आणि हेडफोन बंद पडले. चित्रही थांबलं. पोरीनं ते पुन्हा सुरू केलं, तर आवाज सरळ टॅबातून बाहेर. इकडे काका म्हणाले की लेकरांका सुखी ठेव, आणि आम्ही म्हटलं व्हय म्हाराजा. ते पुढच्या मागणीसाठी दम घेत होते, तेवढ्यात अस्वल खणखणीत हिंदीत बोललं की मला आत्ताच्या आत्ता मध पाहिजे. आणि थांबलं.

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली.

पहिला आवाज माझ्या जावेचा होता, हे मी शपथेवर सांगेन. दुसरा माझा. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू पसरत गेलं. काका हातात नारळ धरून तसेच उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या तालुक्याला शिस्त लावणारी मी, आणि देवासमोर माझ्याच नातीचं अस्वल. मी तरातरा गेले, तिच्या हातातून टॅब ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले की अगदीच वळण नाही तुला. ती रडायला लागली. मी हात पुढे केला, पण ती माझ्या बाजूनं निघून जावेच्या पदराला जाऊन चिकटली.

जावेनं तिला जवळ घेतलं. "तुझ्या अस्वलान काय मागल्यान गो?"

"मध," ती हुंदके देत म्हणाली.

जाऊ काकांना म्हणाली, मागला आसा तर घाला त्याचापन गाऱ्हाणा, देवाक काय जड? आणि त्या म्हाताऱ्या माणसानं, जो मी शाळेत शिकवत असताना मला बाई म्हणून नमस्कार करायचा, खरोखर डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, पुण्यासून जा अस्वल तुझ्या पायाशी इला आसा, त्येका पोटभर मध गावांदे."

पोरीनं डोळे पुसले आणि सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हाराजा म्हणाली. मी आठ दिवस तिला काहीबाही शिकवायला बघत होते, त्यातलं एक अक्षर तिनं उचललं नव्हतं. हे एका फटक्यात आलं, आणि ते जावेनं दिलं. मी टॅब हातात घेऊन उभी होते. जिला नातवंड नाही तिची दया यायला हवी होती. मला वाटलं, हिनं माझं चोरलं.

उरलेले दोन दिवस पोरगी पलीकडे होती. मी परत दिलेला टॅब दोघी लावायच्या, आवाज पूर्ण मोठा. अस्वल काही बोललं की दोघी मिळून व्हय म्हाराजा म्हणायच्या आणि खिदळायच्या. जाऊ अस्वलाला मालवणीतून शिव्याही घालायची. मी अलीकडे तिच्यासाठी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या करत होते. मी भिंतीवर उलथन्यानं ठोकलं. म्हटलं, आवाज कमी कर गो, माणसं राहतात इथे. खापरोळ्या ती खायला आली, खाऊन परत गेली.

जायच्या दिवशी मुलगा गाडीत सामान भरत होता. जावेच्या गळ्यात पडून ती रडली. मग माझ्याकडे आली, शहाण्या मुलीसारखी वाकली आणि गुलाबी हेडफोन माझ्या हातात ठेवले.

"आजी, हे तुला राहू देत. तुला आवाज आवडत नाही ना."

तिनं ते खरंच प्रेमानं दिले. मी ते कपाटात ठेवले, अजून तिथेच आहेत.

आता दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आधी मला. अभ्यास कसा चाललाय, जेवलीस का, पाऊस आहे का, एवढं होतं आणि दोघींचं बोलणं संपतं. मग ती विचारते, धाकट्या आजीला लावू? मी लाव म्हणते. पलीकडे फोन वाजतो. जाऊ फोन कानाला लावतच नाही, सगळं स्पीकरवर. मी तिला त्याबद्दल कधी बोलले नाही. मी गॅसपाशी स्टूल ओढून बसते आणि ऐकते.

गेल्या रविवारी मी कुकर लावला होता. पलीकडे पोरगी शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती, कुणीतरी बाकावरून पडलं होतं, आणि जाऊ मधेमधे व्हय म्हाराजा म्हणत होती. शिट्टीत पुढचं हुकेल म्हणून मी उठून गॅस बंद केला आणि भिंतीजवळ गेले. नेमकी गंमत आली होती.

"धाकटी आजी, थांब," पोरगी म्हणाली. "आधी आवाज कमी कर. पलीकडे आजीला त्रास होतो."

"व्हय गो बाय, इसारलंय," जाऊ म्हणाली, आणि तिनं आवाज कमी केला.