‘बरं आहे’ म्हणायची सवय

माझ्या धाकट्या जावेचे गुडघे गेले होते. ती सिन्नरकडे शेतावर राहते, मी पंचवटीत. इथल्या एका दवाखान्यात गुडघेदुखीच्या नव्या गोळीचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा मीच तिला कळवलं. मलाही भाग घ्यायचा होता, पण माझी साखर जास्त निघाली म्हणून घेतलं नाही. तिला घेतलं. तपासणीच्या आदल्या दिवशी ती बसने माझ्याकडे यायची आणि सकाळी आम्ही दोघी जायचो.

पहिल्या दिवशी तिथल्या मुलीने सगळं वाचून दाखवलं. कुणाला नवी गोळी मिळेल, कुणाला जुनी. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. न विचारता दुखण्याची दुसरी गोळी घ्यायची नाही. त्रास झाला तर लगेच फोन करायचा. नको वाटलं तर कधीही सोडा, उपचार बंद होणार नाहीत. जाऊ कीर्तनात बसल्यासारखी मान डोलवत होती.

“समजलं का?” मी विचारलं.

“समजलं की. पोरगी लय गोड बोलती.”

फोन नंबराचं कार्ड तिने घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं.

पुढे एका तपासणीच्या सकाळी ती माझ्या संडासातून बाहेर आली आणि भिंत धरून उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. मी आत गेले. पाणी नीट पडलं नव्हतं. भांड्यात डांबरासारखं काळं होतं.

हा रंग मी ओळखते. माझ्या नवऱ्याच्या पोटात रक्तस्राव झाला तेव्हा असंच झालं होतं. आम्ही ओवा देत बसलो. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

“हे कधीपासून?”

“झाले चार-पाच दिस. उष्णता असंल.”

“फोन का नाही केलास?”

“परक्या माणसाला संडासचं काय सांगायचं? अन् काढून टाकलं तर? बाई, तुम्हाला माझी शप्पथ हाय, तिथं बोलू नका.”

मी शपथ घेतली नाही. ‘आवर’ म्हटलं आणि रिक्षा आणली. रिक्षात ती डोळे मिटून बसली होती. तिचा हात धरला, तर गार.

दवाखान्यात त्या मुलीने हसून खुर्ची दिली. “मावशी, कसं वाटतंय?”

“बरं हाय.”

“पोटात दुखतं? उलटी? चक्कर?”

“काय नाय बाई. बरं हाय.”

मुलगी लिहून घेत होती. जाऊ खोटारडी नाही. कुणाकडे जेवायला गेलो आणि भाजी खारट लागली, तर आपण खारट म्हणत नाही. ती तसंच करत होती. एवढ्या आपुलकीने विचारते, तिला वाईट काय सांगायचं! पण ती मुलगी खारट आहे का, तेच विचारायला तिथे बसली होती.

डॉक्टर आले. वयाने माझ्या नातवाएवढे. टेबलावर गोळ्यांचा नवा डबा होता, तो त्यांनी जावेपुढे सरकवला. तिने हात पुढे केला.

मी म्हणाले, “हिला संडासला काळं होतंय. डांबरासारखं. चार-पाच दिवस.”

जावेने मला टेबलाखाली असा चिमटा काढला की वळ उठला. डॉक्टरांनी डबा मागे घेतला. तिची नाडी धरली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. ती आत पांढरीफटक होती. मग त्यांनी विचारलं, “मावशी, आणखी कुठली गोळी घेता का?”



“सांग,” मी म्हणाले. “इथं मेलीस तर तुझ्या पोराला मी काय सांगू?”

“कांदे काढायचे व्हते ना,” ती पुटपुटली. “कंबर धरायची. मेडिकलातून रोज एक घ्यायचे.”

डॉक्टर रागावले नाहीत. रागवायला वेळही नव्हता. तिला तिथूनच चाकाच्या खुर्चीत घालून नेलं. रक्त चढवलं, तोंडातून नळी घालून पोट पाहिलं. आत जखम होती, वाहत होती. अभ्यासातली गोळी बंद केली. कशामुळे झालं, त्यांच्या की मेडिकलच्या गोळीने, ते शोधावं लागेल, म्हणाले. उपचार मात्र थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत मी बाकावर बसून होते. आत कुणी सोडेना. धावत येणाऱ्या प्रत्येक नर्सकडे मी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. थोड्या वेळाने डॉक्टर आले. “मावशी, कसं वाटतंय?”

“बरं हा...” तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनगटावरचा कालच्या चिमट्याचा वळ दाखवला.

“बरं नाय,” ती म्हणाली. “रातभर झोप नाय. सुई टोचली तिथं ठणकतंय. घसा सोललाय. अन् त्या नळीनं जीव नकोसा झाला व्हता.”

डॉक्टरांनी एकेक लिहून घेतलं. ते गेल्यावर तिने माझ्याकडे पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून झोपली.