तिसऱ्या 'नको'ची वाट

आमच्या इंदापूरच्या भजनी मंडळात नवी बाई आली की तिचा पहिला गुरुवार माझ्या घरी. आता मी चहा आणि मूठभर चिवडा पुढं करते. पंचेचाळिशीत मात्र मी फार कर्तबगार होते. दुसरं कुणी तसं म्हणत नसे, म्हणून मलाच म्हणावं लागायचं.

त्या वर्षी आमची पेटी वाजवणारी लेकाकडं पुण्याला राहायला गेली. नुसत्या टाळांवर आमचं भजन म्हणजे कुणीतरी भांडी घासतंय असं वाटायचं. दत्तजयंतीला देवळात बसायचं होतं आणि पेटी कापडात गुंडाळून ठेवलेली. अशात कळलं, लोणी देवकरच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या एकाची बायको आमच्या आळीत भाड्यानं राहायला आलीय. रत्नागिरीकडची आहे आणि पेटी छान वाजवते. ठरवलं, ही पोरगी हातची जाऊ द्यायची नाही.

स्वागताला पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. माझं माहेर सांगवीचं. तिकडं पाहुण्याचं पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं रीतीचं. तिसरं आलं तरच वाढणारीनं हात आवरायचा. आणि ताट रिकामं दिसलं तर अब्रू गेलीच समजा.

पोरगी दोनदा 'नको' म्हणायची आणि मुकाट खायची, ताट पुसून. की मी पुन्हा वाढायची.

"अगं, तिच्या डोळ्यांत पाणी आलंय," माझी मैत्रीण म्हणाली.

"आमटी झणझणीत हाय," मी म्हणाले आणि पाचवी पोळी वाढली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. "तुझ्या पोळ्या कमी पडल्या असतील," मैत्रीण म्हणाली. दुसऱ्या दिवशी न्याहारीही न करता मी तिच्या दारात.

दार नवऱ्यानं उघडलं. "काकू, तीन दिवस रजा काढून मी हिला पेज पाजत होतो. आता बरी आहे. पण गुरुवार म्हटलं की घाबरते."

"मग तिसऱ्यांदा नको म्हणायचं की गं," मी आतल्या पोरीला म्हणाले.

"तीनदा म्हणायचं असतं हे मला काय ठाऊक? आणि पानात टाकलेलं आमच्या आईला चालत नाही. म्हटलं, तुम्ही थांबलात की मी थांबेन."

"आणि मी बघतेय, तू पानात टाकतेस कधी."

नवरा भिंतीकडं तोंड करून हसत होता. मी निलाजरी, विचारलंच, "मग दत्तजयंतीला पेटीवर बसशील का?"

तव्यावर घावन होतं, खरपूस वासाचं. तिनं बशी काढली. "घ्या, काकू."

"नको गं," मी म्हणाले. लाजेचं.

तिनं बशी मांडणीवर ठेवली आणि घावन नवऱ्याच्या ताटात टाकलं. "आमच्याकडं एकदाच विचारतात. तुमच्याकडंही तसंच चालणार असेल तर येते."

मी कबूल झाले आणि उपाशी घरी आले.

दत्तजयंतीला पेटी वाजली आणि आमचं भजन पहिल्यांदा भजनासारखं ऐकू आलं. नंतर पंगतीत मी भात वाढत होते. तिनं ताटावर हात आडवा धरला. "नको."

सगळं मंडळ माझ्याकडं बघत होतं. मी भाताचं भांडं उचललं आणि पुढच्या बाईकडं सरकले.