नाचणीचं सत्त्व

माझ्या नातीला मी मारलं. सहा महिने पुरे होऊन तिला महिनासुद्धा झाला नव्हता. गोलगोल बोलायला मला जमत नाही, म्हणून तेच पहिलं सांगितलं.

दोन हजार सहा किंवा सात साल असेल. भाईंदरला इंद्रलोकमध्ये मुलाने फ्लॅट घेतला होता. मुलगा, सून, त्यांची ती एकच पोरगी, आणि आम्ही दोघं. जुलैमध्ये बायको गेली. भाजी आणायला खाली उतरली ती दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसली, ती उठलीच नाही. शेजारचा वर सांगायला आला तेव्हा मी टीव्ही बघत होतो आणि मनात शिव्या घालत होतो, की एवढा वेळ काय करतेय ही खाली.

सुनेची रजा संपल्यापासून पोरीला बायकोच सांभाळायची. ती गेल्यावर मुलगा म्हणाला, पोरीला बदलापूरला पाठवू, सुनेच्या आईकडे. मी म्हटलं, मी काय मेलोय का? मी सांभाळतो. पोरगी गेली असती तर सकाळी साडेसातपासून रात्री आठपर्यंत त्या घरात मी आणि भिंतीवरचा फोटो, दोघंच. हे मी त्यांना बोललो नाही. पण सुनेला कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, एक महिना बघू. पुढच्या वेळी डॉक्टरांनी वजन बरोबर म्हटलं तर ती इथेच राहील. नाही वाढलं, तर मला आईकडे ठेवावंच लागेल. मग तुम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही."

म्हणजे सगळं वजनावर आलं.

बायकोने उन्हाळ्यातच नाचणीचं सत्त्व करून ठेवलं होतं. नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, गच्चीत वाळवली. सोसायटीचा सेक्रेटरी वर येऊन म्हणाला, गच्ची कॉमन आहे, इथे वाळवण चालणार नाही. तर ही त्याला म्हणाली, "तुमच्या बायकोचे पापड चालतात, माझ्या नातीचं खाणं चालत नाही होय?" तो गप खाली गेला. मग भाजून, दळून आणून, पातळ लुगड्यातून दोनदा गाळून तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलं. पोरगी सहाव्या महिन्यात खाईल म्हणून. पोरीने खायच्या आत ही गेली.

सुनेने मला शिकवलं. दोन चमचे सत्त्व, वाटीभर पाणी, गुठळी होऊ न देता ढवळायचं, वरून तुपाचा थेंब. "जबरदस्ती करू नका हं बाबा. नको म्हणाली तर राहू दे." मी हो म्हटलं. आयुष्यात मी चहासुद्धा केला नव्हता. पहिल्या दिवशी पातेलं करपलं, दुसऱ्या दिवशी जमलं. पोरीने जीभ बाहेर काढून चाटलं, अजून मागितलं, माझ्या शर्टाला नाक पुसलं. आठवडाभर बरं चाललं. मी सुनेला फोन करून सांगायचो, वाटी संपवली. ती म्हणायची, "वा बाबा." मला ते ऐकायची सवय झाली.

मग पोरीने तोंड मिटलं.

चमचा दिसला की मान फिरवायची. ओठ आत ओढून घ्यायची. थोडं आत गेलंच तर फुर्र करून माझ्या तोंडावर उडवायची. पहिले दोन दिवस मी हसलो. तिसऱ्या दिवशी फरशीवर पडलेलं सत्त्व पुसताना डोकं फिरलं. जिने हे केलं ती गेली. परत कोणी करणार नाही. डबा अर्ध्यावर आला होता. आणि ही चिमूटभर पोरगी ते थुंकतेय.

मी तीस वर्षं भाईंदरच्याच स्टीलच्या गाळ्यांत पावर प्रेस चालवली. डायवर, म्हणजे साच्यावर, पत्रा ठेवायचा, पेडल मारायचं, वाटी झाली, काढायची, पुढचा पत्रा. तिथे पत्रा नको म्हणत नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट प्रेसने घेतलं. शेठने रुमाल बांधून दवाखान्यात पाठवलं आणि माझ्या जागेवर दुसरा बसवला. चौदा दिवसांनी मी परत उभा राहिलो. माझ्या अंगात तेच काम आहे, दुसरं नाही. पोरीला मी तसंच भरवायला लागलो. पाय लांब करून बसायचं, ती आडवी मांड्यांमध्ये, तिचे हात माझ्या डाव्या मांडीखाली दाबलेले. उजव्या हाताच्या अंगठ्याने एक गाल, उरलेल्या दोन बोटांनी दुसरा गाल दाबला की तोंड उघडतं. डाव्या हाताने चमचा आत. हनुवटी वर. गिळलं की पुढचा. ती ओरडायची, घशात घरघरायचं, डोळे पांढरे व्हायचे. मी थांबत नव्हतो. "खा गो बाय, खा. आजीने केलंय." असं म्हणत दाबत होतो.

समोरच्या बाईने एकदा दार वाजवलं. "अंकल, बच्ची को काट रहे हो क्या?"

"तुमको क्या करने का है? अपना दरवाजा बंद करो."

"आपके बेटे को बोलूँगी मैं."

"बोलो. हमारा बच्चा है, तुम्हारा नहीं."

दार तिच्या तोंडावर आपटलं. पोरगी दचकून गप झाली, तर मला वाटलं, बघ, धाकाने ऐकते.

त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. तिने चमचाभर सत्त्व नेमकं माझ्या डोळ्यात थुंकलं. मी तिच्या मांडीवर एक ठेवून दिली. एवढीशी मांडी, माझा पंजा तिच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत गेला. ती रडायला तोंड मोठं करतेय तेवढ्यात मी दोन चमचे आत ओतले. ते श्वासात गेलं. आवाज बंद झाला. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे. मी तिला पाय धरून उलटी केली आणि पाठीवर थापा मारल्या. जोरात मारल्या, हळू मारायला भान नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या थापेला ते बाहेर पडलं आणि तिने किंकाळी फोडली. एवढा चांगला आवाज मी जन्मात ऐकला नाही. मी तिला छातीशी धरायला गेलो तर ती माझ्यापासून लांब व्हायला पाठ ताणत होती, नखांनी माझी मान ओरबाडत होती.

संध्याकाळी सून आली. पोरीला घेतलं, दिव्याखाली नेलं. मग मला विचारलं, "हे गालाला काय झालंय?"

"डास चावले असतील."

तिने पोरीच्या एका गालावर आपला अंगठा ठेवला, दुसऱ्या गालावर दोन बोटं. डाग तेवढेच होते. मग माझ्या हाताकडे बघितलं. असा हात त्या घरात एकच होता.

"बाबा, डासाला तुमच्याएवढीच बोटं असतात?"

मी म्हटलं, खात नव्हती, गाल दाबून भरवलं. ती स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, मी भरवून बघते, बघू कशी खात नाही ते. डबा उघडला आणि तिथेच थांबली. नाकाशी धरला. चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि बेसिनमध्ये थुंकली.

"हे तुम्ही तिला देत होतात?"

"तुझ्या सासूने केलंय ते."

"हे खवट झालंय, बाबा. बुरशी आलीय खाली. गुठळ्या बघा." तिने चमच्याने तळ उकरून दाखवला. काळपट हिरवं होतं. "तुम्ही डब्यात ओला चमचा घालता का?"

मी घालत होतो. वाटी धुवायची, चमचा धुवायचा, तोच डब्यात. पावसाचे दिवस. सांगायला कोणी नव्हतं, आणि जिने सांगितलं असतं तिने चाळीस वर्षं मला कुठल्या डब्याला हात लावू दिला नाही. मी चिमूट तोंडात टाकली. कडू जहर. वासाचं म्हणाल तर गाळ्यातल्या ॲसिडने माझं नाक कधीच गेलंय. पण जीभ होती की. पोरीला भरवायच्या आधी एकदाही मी चाखलं नाही.

तेवढ्यात मुलगा आला. सुनेने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने माझी गचांडी धरली आणि फ्रिजवर आदळला मला. पाठीत हँडल घुसलं.

"आईला मारून मन भरलं नाही तुमचं?"

"मी काय..."

"आमटीत मीठ कमी म्हणून ताट फेकून मारलंत तिला. मी सात वर्षांचा होतो. विसरलो असेन वाटतं तुम्हाला?"

खरं आहे. बायकोच्या भुवईवर ती खूण होती. तिरडीवर ठेवली तेव्हा कुंकवाच्या शेजारी दिसत होती. त्या दिवशी मी कितीतरी वेळ तिथेच बघत होतो.

त्याने डबा उचलला. "आधी हे खाली फेकतो."

मी डबा धरला. का, ते विचारू नका. खवट होता, विषासारखा झाला होता, मला माहीत होतं. तरी धरला. तो ओढतोय, मी ओढतोय. मी त्याच्या मनगटाला चावलो. दातांत रक्त आलं. त्याने कोपर मारलं, माझा ओठ फुटला. डबा निसटून फरशीवर आपटला आणि सगळं सत्त्व उडालं. सुनेच्या केसांत, पोरीच्या डोळ्यांत, गॅसवर, माझ्या ओठाच्या रक्तात. पोरगी किंचाळत होती. सून ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "बाप-लेक मरा एकमेकांना मारून. मी उद्या हिला घेऊन जाते."

वजनाच्या दिवसापर्यंत थांबायची गरज उरली नव्हती.

सकाळी तिने बॅग भरली. मुलगा मनगटाला पट्टी बांधून रिक्षा आणायला गेला. मी दारात उभा होतो, सुजलेला ओठ घेऊन. राहू दे तिला, असं म्हणायचं होतं. पण पोरीचे गाल दिसत होते. मी म्हटलं, "उजव्या कुशीवर घेऊन भरवू नको म्हणावं तुझ्या आईला. तसं घेतलं की ठसका लागतो तिला. बसवून भरवलं की गिळते."

सुनेने बॅगेची चेन लावली. "सांगते," म्हणाली.

बदलापूरला तिने पहिल्याच दिवशी वरणाचं पाणी आणि मऊ भात खाल्ला, वाटी हातातून ओढून घेत होती म्हणे. वजन वाढलं. सून शनिवार-रविवार तिकडेच जायची, पुढे मुलगाही जायला लागला. मी भात लावायला शिकलो, एकट्यापुरता.

दिवाळीला पोरीला आणली. चार दात आले होते. फरशीवर बसून चपातीचा तुकडा स्वतःच्या हाताने चघळत होती, अर्धा तोंडात, अर्धा फ्रॉकवर. मी समोर बसलो होतो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. तिने मला बघितलं आणि चघळायची थांबली. मी हललो नाही. मग परत चघळायला लागली.

सून आतून म्हणाली, "बाबा, तिला जरा पाणी पाजता का? वाटी तिथेच आहे."

वाटी माझ्या हाताच्या अंतरावर होती.

"तूच ये," मी म्हटलं.